मी स्थिर, नरसम्मा पुन्हा

३ फेब्रुवारी १९७६

मालतीनं आज वही आणून दिली. न सांगता शिसपेन्सिलही. पडून लिहिताना शाई ओघळते, हे तिला बरोबर सुचलं. भावजय म्हणून घरात आली तेव्हा एवढी शहाणी असेल असं वाटलं नव्हतं.

विसावा दिवस. कालपासून कुशीवर वळायची परवानगी. बसायचं नाही. संक्रांतीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दाढ दुखायला लागली, लवंग धरली. मग डावा खांदा. मग घाम. वसंता म्हणाला, "ताई, तुझा चेहरा राखेसारखा झालाय," आणि टांग्यात घालून इथं दवाखान्यात आणलं. हार्ट अटॅक. वय एक्कावन्न, बाईमाणूस, गणिताची शिक्षिका, चहाशिवाय व्यसन नाही. कुठल्या हिशेबात बसतं हे?

शेजारच्या खाटेवर नरसम्मा. भवानी पेठेतली, तेलुगू. नवरा कापडाच्या मागावर, ही घरी विड्या वळते. वय विचारलं तर "पन्नासच्या आत असंल की." तिलाही तेच दुखणं, माझ्यानंतर चार दिवसांनी. तीन दिवस पित्त समजून सोडा पीत विड्या वळत बसली आणि चौथ्या दिवशी दवाखान्यात आली ती चालत. चालत!

६ फेब्रुवारी

डॉ. हिरेमठ राउंडला. उंच, किंचित वाकलेले, बोलताना स्टेथोस्कोप हाताभोवती गुंडाळतात.

म्हणाले, "पंधरा दिवसांत दोन बायका. पुस्तकाप्रमाणे बायकांना हे म्हातारपणी व्हायला पाहिजे. तुम्ही दोघींनी पुस्तक वाचलेलं दिसत नाही."

नरसम्मा म्हणाली, "मला वाचायलाच येत न्हाई की डॉक्टरसाब."

सगळा वॉर्ड हसला. हसायची परवानगी आहे का, ते विचारायचं राहिलं.

मग स्टूल ओढून बसले आणि दोघींना दुखणं कसं होतं ते विचारलं. मी 'तीव्र वेदना' वगैरे सांगितलं. न. म्हणाली, "छातीवर पाटा ठेवला, पाट्यावर कुनीतरी बसलं, आन् उठंचना." डॉक्टरांनी तिचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. माझं नाही. बरोबरच आहे.

११ फेब्रु.

बसायला परवानगी. पाच मिनिटं. भिंत फिरल्यासारखी झाली.

न. पडल्या पडल्या बोटं हलवते. हवेतच पान कापते, तंबाखू पसरते, वळते, दोरा मारते. विचारलं तर म्हणाली, "बोटं इसरली तर घरी जाऊन काय करू?" मी पडल्या पडल्या काय करते? छताच्या फरशा मोजते.

तिचा नवरा मल्लय्या रोज पाळी सुटली की येतो. तेलुगूत हळू बोलतात. तो काही विनोदी सांगत असावा, कारण ती तोंडावर पदर धरते. मग माझ्याकडं बघून तो मराठीत विचारतो, "टीचरबाई, बरं हाय ना?" रोज तेच, आणि रोज मनापासून.

२२ फेब्रु.

दोघींना आजच घरी सोडलं. मीठ कमी, तूप बंद, जिना बेतानं, चिडायचं नाही, दुखलं तर जिभेखाली गोळी. न. ला वेगळं एक: मशेरी बंद. तंबाखूच तो, दातांना लावला तरी रक्तात जातोच.

तिनं कमरेची डबी काढली आणि सरळ डॉक्टरांच्या हातात दिली. "ही तुमीच ठेवा. घरी न्हेली तर लावनार मी." बाराव्या वर्षापासूनची सवय. मी तीस वर्षं मुलींना निश्चय या विषयावर ऐकवत आले, आणि निश्चय हा असा असतो. भाषण नाही, काही नाही. डबी दिली, पदर खोचला, निघाली.

डॉक्टरांनी दोघींची जाड कागदाची कार्डं केली. दर दोन महिन्यांनी एकाच दिवशी, एकाच वेळी दोघींनी यायचं. "तुम्ही दोघी मला काहीतरी शिकवणार आहात. काय, ते मला आत्ता माहीत नाही."

२५ एप्रिल

पहिली तपासणी. ईसीजी दोघींचा ठीक. दोन्ही कार्डांवर एकच शब्द: स्थिर.

बाहेर आल्यावर न. ला खरं सांगितलं. वार्षिकचे सगळे पेपर तपासले, मनाई असताना. कैरीचं लोणचंही चाललंय, मालतीची नजर चुकवून. तिनं कपाळावर हात मारला. "अय्यो टीचरबाई! मी मेली मीठ न्हाई, तेल न्हाई, मशेरी न्हाई, आन् तुमी लोनचं!"

लाज वाटली. पण दोन दिवसांनी पुन्हा फोड घेतलीच. लिहून ठेवते, म्हणजे पुढं नाकारता येणार नाही.

२० जून

शाळा सुरू. मुख्याध्यापिका म्हणतात खालच्या मजल्यावरचा वर्ग घ्या. नाही म्हटलं. दहावी वर बसते, मी वर जाणार.

संध्याकाळी भवानी पेठेत न. कडं गेले. घराघरांतून मागांचा खटखटाट, गल्लीभर रंगवलेलं सूत वाळत घातलेलं. तिच्या ओट्यावर चार बायका सुपं घेऊन विड्या वळत होत्या. ती मात्र आता नुसती पानं कापते. डॉक्टर म्हणाले होते तंबाखूची धूळ टाळा, तर तंबाखूचं काम जावेकडं दिलं. सकाळी सिद्धेश्वर तळ्यापर्यंत चालून येते. सांगितलं तेवढंच, कमी नाही, जास्त नाही. भाजी आळणी खाते. शेजारणी हसतात, तीही हसते, पण खाते आळणीच.

माझ्या सगळ्या आयुष्यात अशी एकही विद्यार्थिनी मिळाली नाही.

९ ऑगस्ट

न. ला पुन्हा अटॅक.

काल दुपारी पानं कापता कापता. या वेळी तिनं ओळखलं. गोळी जिभेखाली ठेवली आणि मल्लय्याला म्हणाली, "रिक्षा बोलाव, पाटा आलाय." पाऊण तासात दवाखान्यात.

मी शाळेत होते. दुसऱ्या मजल्यावर. समीकरणं शिकवत. पोटात परवाचं लोणचं.

१० ऑगस्ट

भेटू दिलं. नाकात नळी. माझ्याकडं बघून बोट हलवलं.

डॉक्टर आले तेव्हा तिनं विचारलं, "डॉक्टरसाब, माझं काय चुकलं?" आवाजात तक्रार नव्हती. खरंच चूक शोधत होती, मिळाली असती तर सुधारली असती.

डॉक्टर स्टुलावर बसले. तिचं कार्ड पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही सगळं केलंत. मग परत का झालं, मला माहीत नाही."

इतका मोठा डॉक्टर. बोलायला शंभर कारणं असतात: काळजी केली असेल, जास्त चालला असाल, लपवून मशेरी लावली असेल. त्यातलं एकही तोंडातून काढलं नाही. वर्गात माझ्या तोंडून 'मला माहीत नाही' किती वेळा निघालंय? आठवत नाही, म्हणजे नसावंच.

तिच्या कार्डावर 'पुन्हा' लिहिलं. माझ्या कार्डावर अजून 'स्थिर'. एवढा घाणेरडा शब्द मी दुसरा वाचला नाही.

२९ ऑगस्ट

तीन आठवडे तिच्याकडं जायला जमलंच नाही. शाळा, पाऊस, चाचण्या. खोटं. तोंड दाखवायची भीती वाटत होती.

आज गेले. घरी आली आहे. मी बोलायच्या आधीच म्हणाली, "तुमाला न्हाई झालं ना? बास. दोघींना झालं असतं तर मला बगायला कोन आलं असतं?"

रडले. तिच्या ओट्यावर, चार बायकांसमोर. एकीनं सूप बाजूला ठेवून पाणी दिलं.

१२ सप्टेंबर

कागदाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडं मी, उजवीकडं ती. रक्तदाब: माझा जास्त. रक्तातली चरबी: माझी जास्त. वजन: माझं जास्त. साखर दोघींना नाही. वडील: माझे हृदयानंच गेले, तिचे ऐंशीच्या पुढं, अजून माग चालवतात. चालणं: ती. पथ्य: ती. चिडचिड: मी, मालतीला विचारा. तंबाखू: ती, पण आता बंद.

तंबाखू सोडला तर सगळं माझ्याविरुद्ध. तरी स्थिर मी.

डॉक्टरांना कागद दाखवला. मिश्यांत हसले. "इनामदारबाई, हा तक्ता मी फेब्रुवारीतच केलाय." खणातून काढून दाखवला. तसाच. एक ओळ जास्त: 'दुःख'. त्यापुढं दोन्हीकडं कोरं. म्हणाले, "ते कसं मोजायचं कळलं नाही." मला तिचं एक कळलंय. मधला मुलगा तापात गेला, त्याला आठ वर्षं झाली. माझं कुणाला सांगितलेलं नाही, इथंही लिहीत नाही.

बारा वर्षं झाली ते अशी कार्डं ठेवतायत. पत्र्याच्या तीन पेट्या. कुणी सांगितलेलं नाही, कुठं छापायचं नाही. स्कूटरवरून कुर्डुवाडीला, करकंबला जाऊन जुने पेशंट शोधून काढतात, 'बरे आहात ना' विचारतात आणि लिहून आणतात. करकंबचे एक उसवाले शेतकरी अकरा वर्षं स्थिर. कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमधला एक फिटर वर्षात तिसऱ्या अटॅकनं गेला. दोघांच्या कार्डांत फरक काय? "तोच शोधतोय," म्हणाले.

१४ नोव्हें.

न. काय करते आहे ते आज कळलं.

काम बेताचं झाल्यापासून रोज तिसऱ्या प्रहरी एकेका गल्लीत जाऊन बसते. जिथं बायका विड्या वळतात तिथं. आणि सांगते: छातीवर पाटा ठेवल्यावानी झालं, दाढ दुखली, हात जड झाला, घाम फुटला, तर ते पित्त न्हाई. सोडा पिऊन बसू नका. बायकांना होत न्हाई म्हनतील, तर माज्याकडं बोट दावा.

तीन गल्ल्या झाल्या. कुणी सांगितलं हे करायला? म्हणाली, "कोन सांगनार? मी तीन दिवस सोडा प्याली की."

२ डिसेंबर

पलीकडच्या मोहल्ल्यातल्या शकीलाभाभीला काल सकाळी जबडा आणि हात दुखायला लागला. घरचे म्हणाले गॅस आहे. तिला न. चं बोलणं आठवलं. सुनेला म्हणाली, "वो विडीवाली अम्मा बोली थी ना, येइच है." सून तिला तडक दवाखान्यात घेऊन आली. ईसीजीत सापडलं.

डॉक्टर आज न. ला म्हणाले, "तासाभरात आली. तुम्ही आणलीत." न. पदराचं टोक पिळत राहिली. मग विचारलं, "वाचंल ना?" "वाचेल असं वाटतं." ती उठून शकीलाभाभीच्या खाटेशी गेली, तिचे पाय चेपत बसली. ही मोडकी तेलुगू-मराठी, ती दखनी. एकमेकींचं सगळं कळत होतं.

मी पदवीधर, बी. टी. झालेली, तीस वर्षांची नोकरी. माझ्या शिकवण्यानं कुणाचा जीव वाचल्याचं ऐकलं नाही.

१६ जानेवारी १९७७

माझ्या दुखण्याला एक वर्ष. कुणाला आठवण नाही, मालती सोडून. तिनं आळणी खीर केली. खीर आळणीच असते म्हटलं, तर हसली.

न. नं काम सांगितलंय. "मी किती गल्ल्या फिरनार? तुमी लिवा." ती सांगत गेली, मी लिहिलं: 'वक्षस्थळी दडपण, अस्वस्थता व प्रस्वेद...' वाचून दाखवलं. ती म्हणाली, "टीचरबाई, हे कुनाला होतंय?"

खोडलं. पुन्हा. 'छाती दाबल्यासारखी दुखते. दाढ, मान, हात दुखतो. घाम येतो. थांबू नका.' दोन वेळा वाचायला लावलं. "आता माज्या जावंला पन कळंल." शाळेतल्या एका मुलीच्या वडिलांकडून तेलुगूत करून घेतलं. मुख्याध्यापिकांनी शाळेचं सायक्लोस्टाइल मशीन वापरू दिलं. हात शाईनं काळे, दोघींचे.

तीस वर्षांत एवढं सोपं मराठी मी पहिल्यांदा लिहिलं.

२० मार्च

निवडणुकीच्या निकालासाठी सगळी गल्ली रेडिओला कान लावून. मी दवाखान्यात. न. तिसऱ्यांदा. सौम्य आहे म्हणतात. तिसऱ्यांदाचं सौम्य म्हणजे काय?

पांढरी पडली आहे. तरी मला: "कागद संपले का? अजून काढा."

२ एप्रिल

डॉक्टरांनी मल्लय्याला आणि मला बोलावलं. त्यांचा एक वर्गमित्र मुंबईच्या मोठ्या इस्पितळात आहे. तिथं हृदयाच्या नसांचा फोटो काढतात. हातातून किंवा जांघेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, औषध सोडतात, नसा दिसतात. कुठं अरुंद, किती अरुंद. ऑपरेशन करता येईल का ते कळेल. धोका आहे, थोडा.

मल्लय्यानं एकच विचारलं, "ती जागी राहील का?" राहील म्हणाले. "मग चालंल. तिला सगळं बगायला लागतं."

मी म्हटलं, माझाही काढा.

डॉक्टर स्टेथोस्कोप गुंडाळायचे थांबले. "का?"

"एकच कार्ड बघून फरक कसा कळेल?"

"तुम्हाला त्रास नाही. त्रास नसलेल्या माणसाच्या हृदयात नळी घालायला मी सांगणार नाही." आणि विषय बंद.

१७ एप्रिल

पुन्हा विचारलं. नाही.

८ मे

चार दिवसांपूर्वी पुन्हा विचारलं. या वेळी म्हणाले, "बाई, तुम्हाला तिच्याबरोबर आजारी पडायचंय, असं तर नाही ना?"

घरी येऊन विचार केला. थोडं तसंही असेल. पण सगळं तसं नाही. मला खरंच कळून घ्यायचंय. ती सगळं करून पुन्हा पुन्हा पडते, मी काही न करता उभी आहे. कारणाशिवाय हे मला सोसत नाही.

हे जसंच्या तसं पत्रात लिहून दिलं. वसंताची परवानगीही. दोन दिवस बोलला नव्हता माझ्याशी, मग सही केली. कागद थोडा चुरगळला.

१५ मे

डॉक्टर हो म्हणाले. "मित्राला कळवतो. तुमचा रक्तदाब आणि वडिलांचं बघता कारण देता येईल. पण टेबलावर झोपेपर्यंत कधीही नाही म्हणा. मला वाईट वाटणार नाही." स्वतः बरोबर येणार, रजा घेऊन.

३ ऑगस्ट

सकाळची गाडी. मी, न., मल्लय्या, डॉक्टर. कुर्डुवाडीला गाडी बराच वेळ थांबली. प्लॅटफॉर्मवर एक पांढरी टोपी डॉक्टरांच्या पाया पडायला वाकली. करकंबचे तेच शेतकरी, बारावं वर्ष! गाडीची वेळ कळवली होती म्हणे, खिडकीतून उसाची मोळी दिली. न. नं त्यांना आपादमस्तक बघून घेतलं. "काका, तुमी काय खाता?"

"सगळं खातो की बया. का गं?"

न. डॉक्टरांकडं वळली. "ऐका!"

डॉक्टर गाडी सुटल्यावरही हसत होते. मग वही काढून काकांचं उत्तर लिहून घेतलं.

५ ऑगस्ट, मुंबई

न. चा फोटो झाला. बाहेर आली ती डोळे मोठे करून. "औषध सोडलं की अंगात गरम गरम पानी फिरतंय टीचरबाई. भिऊ नका. अन् वर टीवी हाय, त्यात आपलं काळीज दिसतंय. लई पळतंय बिचारं."

६ ऑगस्ट

माझा. गरम पाणी खरंच. तिनं सांगितलं नसतं तर घाबरले असते. वर बघितलं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या काळ्या रेषा, एकदम उमटतात, विरतात. हे माझं? एक्कावन्न, नाही, बावन्न वर्षं, एक दिवस सुट्टी न घेता.

८ ऑगस्ट

काय लिहू.

अंधाऱ्या खोलीत फिल्म लावली. डॉक्टर, त्यांचे मित्र, आणखी दोघं. आम्हाला बसू दिलं, डॉ. हिरेमठांनी हट्ट धरला. "ह्या दोघींनी दीड वर्ष अभ्यास केलाय, निकाल त्यांच्यासमोर."

आधी न. ची फिल्म. एका नसेला एका ठिकाणी खडबडीत कड, थोडीशी अरुंद. बाकी गुळगुळीत. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, एवढ्यावर ऑपरेशन करायचं कारण नाही.

मग माझी. तीन नसा अरुंद. एक तर जवळजवळ बंद.

डॉ. हिरेमठ उभे राहिले. "अदलाबदल झाली नाही ना?" नाव तपासलं. फिल्म पुन्हा लावली. माझीच.

जिच्या नसा एवढ्या वाईट ती मी, स्थिर. जिच्या नसा बऱ्या ती, तीन वेळा.

मित्रांनी पडद्याजवळ जाऊन काडीनं दाखवलं. बंद नसेच्या पलीकडं बारीक बारीक फाटे, शेजारच्या नसेकडून आलेले. "हिची नस वर्षानुवर्षं हळूहळू बुजत गेली असावी. शेजारणीला फाटे पाठवायला वेळ मिळाला. नरसम्मांच्या नसेत खडबड थोडी, पण तिथंच काहीतरी अचानक होतं. गुठळी होते म्हणा. पण त्याच जागी का, त्याच दिवशी का? कुणी म्हणतं गुठळी आधी, अटॅक मागून. कुणी म्हणतं उलटं. आम्हाला माहीत नाही."

म्हणजे मोठ्या इस्पितळातसुद्धा तेच वाक्य. पण आता ते वाक्य नेमकं कुठं बोट ठेवून म्हणायचं, ते कळलं. डॉ. हिरेमठांचा चेहरा अंधारातही दिसत होता. बारा वर्षं कार्डं लिहिलेला माणूस. हरल्यासारखा नाही. पोराला पहिल्यांदा गणित दिसतं, सुटत नाही पण दिसतं, तसा.

न. नं माझा हात धरला. कुजबुजली, "म्हंजी जास्त आजारी तुमीच व्हय?"

९ ऑगस्ट

सर्जन भेटून गेले. माझं ऑपरेशन करावं म्हणतात. पायातली शीर काढून नसेला वळसा. इथं नवीन आहे, थोडी झालीत. काही चांगली, काही नाही. विचार करा म्हणाले.

त्रास? नाही. चालताना धाप? थोडी, पण ती आधीपासून. की होती, आणि मीच तिला वय म्हणत होते?

४ सप्टेंबर, सोलापूर

डॉक्टरांना विचारलं, काय करू. म्हणाले, "तुमचं शरीर दीड वर्ष काहीतरी सांभाळतंय, जे मला नीट समजत नाही. न समजता मोडायला सांगू का? आणि न समजता तसंच ठेवा म्हणू का?" रात्रंदिवस मासिकं वाचतायत, डोळे लाल. टपालानं परदेशातून मागवली आहेत. एका शिक्षिकेसाठी.

लोणचं बंद केलंय. पहिल्यांदाच, खरोखर. वर्गही खाली आणला. न. ला सांगितलं तेव्हा ती टाळ्या वाजवून हसली आणि मग एकदम गंभीर झाली. "भ्यालात?" हो म्हटलं. "मी पन भ्याली तवाच मशेरी दिली. भ्यालेलं बरं असतंय."

मला वाटत होतं ती धीराची आहे म्हणून करते. भीत भीत करत होती, सगळं, दीड वर्ष. हे कळल्यावर माझ्या मनात ती आणखी उंच झाली.

२३ ऑक्टो.

न. ला सोडून बाकी सगळ्यांची मतं ऐकून झाली. वसंता: कर. मालती: नको. मुख्याध्यापिका: दहावी होऊ दे.

न. मतच देत नाही. आमचा कागद मात्र आता अक्कलकोटपर्यंत गेलाय, कुणीतरी कन्नडमध्ये केलाय म्हणे. तिनं तो माझ्यासमोर उलटा धरला आणि म्हणाली, "हे पन आपलंच हाय ना?"

६ नोव्हेंबर १९७७

मुंबईहून पत्र. डिसेंबरात एक जागा आहे. महिनाअखेर कळवा, नाहीतर दुसऱ्याला देऊ.

दुपारी न. आली. आमच्या घरी पहिल्यांदाच. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. जिन्यात कुणीतरी थांबत थांबत येतंय असं ऐकू आलं. दार उघडलं तर ही, दर तीन पायऱ्यांना बसत. मी ओरडले. तिनं हात वर केला, थांबा म्हणून, आणि श्वास घेऊन झाल्यावरच बोलली.

"जायाचं असंल तर मी येते बरोबर. न्हाई जायाचं तर हितं रोज येते. दोन्हीचं ठरवलंय. तुमी एक ठरवा."

तिला खाटेवर बसवलं. दम बसल्यावर ती स्वयंपाकघरात जाऊन मालतीशी तेल-मीठ न घालता वांगी कशी करायची ते बोलायला लागली. मी टेबलाशी येऊन कागद घेतला. 'स. न. वि. वि.' लिहिलं. 'आपलं पत्र मिळालं.' पुढं पेन चालेना. छातीवर हात ठेवून बघितला. चाललंय. बाहेरून काहीच कळत नाही.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "टीचरबाई, काय लिवलं?"

"अजून काही नाही."

"मग आधी इकडं या. च्या निवतोय."